पाटा-वरवंट्याचं लग्न

किन्हवली, ता. शहापूर
८ डिसेंबर २०२४

चि. सुरेंद्र यास सुदामचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, माझ्या उजव्या पायावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला मुरबाडखेरीज दुसरे न्यायालय मला दिसत नाही. गेल्या रविवारी तू आलास, तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण यथेच्छ हाणलेस, आणि जाताना डावी चप्पल स्वतःची व उजवी माझी घालून एस.टी.त जाऊन बसलास. मागे उरली ती जोडीही तशीच संकरित. तुझा पाय देवाने नांगरासाठी घडवलेला, माझा खडूसाठी. तुझ्या उजव्या चपलेत माझा पाय पातेल्यातल्या पळीसारखा हलतो. सोमवारी दहावीच्या वर्गात शिरलो तर एक पाय 'फट' म्हणतो आणि दुसरा 'सप'. पोरांनी तेवढ्यावर ठेका धरला. सुभाषित बाजूला राहिले.

वास्तविक मी तुला लग्नातच ओळखायला हवे होते. कानपिळीला तू माझा कान असा पिळलास की अंगठी हातात पडेपर्यंत मला मंगलाष्टके एकाच बाजूने ऐकू येत होती. जुन्या संस्कृत नाटकांत राजाचा मेहुणा असतो. खातो, मिरवतो, घोटाळे करतो. ते पात्र समजावताना मला आता पुस्तकाबाहेरचे उदाहरण मिळाले.

तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन करायचा. घरात फोन वाजलेला काजलला सोसत नाही, हे तू पाहिले आहेस. तिने डोके आपटून पाडलेला भिंतीचा तो पोपडा अजून तसाच आहे. तेव्हापासून फोन शाळेच्या कपाटात असतो आणि मी पुन्हा पोस्टाच्या पेटीवर आलो. शिवाय तिच्यासमोर तिच्याविषयी बोलणे मला आवडत नाही. डॉक्टर म्हणतात, स्वमग्न मुलांना किती कळते हे नक्की सांगता येत नाही. सांगता येत नाही, म्हणजे सगळे कळते, असे मी धरून चालतो. सतरा वर्षांची झाली. तोंडात शब्द नाही, पण कान आहेत.

आता कामाचे. तुझा धंदा मांडवाचा. गोदामात मोडीत काढायच्या लायकीचा एखादा लहानसा मांडव असेल, चार बांबू आणि वर कापड, तर पाठवून दे. झालर नको, खुर्च्या नकोत, आणि ते दोन काळे भोंगे तर मुळीच नकोत. कशासाठी, ते विचारू नकोस. सवडीने कळवीन. गावात भाड्याने मागितला तर दुसऱ्या दिवशी लोक जेवायलाच येतील, म्हणून तुला सांगतो.

चप्पल मात्र आधी.

तुझा,
सुदाम

---

मुरबाड
१५ डिसेंबर २०२४

ती. भावजींस सुरेंद्रचा शि. सा. नमस्कार.

नामाच्या टेम्पोतून मांडव पाठवलाय. बांबू चांगले हायत, कापड नवं टाकलंय, पिवळं. तुमची चप्पल बांबूलाच बांधलीय, सोडून घ्या. माझी परत पाठवा, नायतर ऱ्हाऊ द्या, तुमाला दिली समजा. शुभकार्यात हिशोब कसला.

भावजी, 'विचारू नकोस' म्हणालात तवाच आमी समजलो. मी वर्षाला पत्र वाचून दाखवलं तर ती पोळपाट ठेवून उभीच ऱ्हायली. म्हणाली, "अगो बाय! भावजींनी जमवलं वाटतं कुठंतरी. लाजतात म्हणून सांगत नायत." मी म्हटलं, या वयात लाजायचं काय? तुमचं वय काय झालंय? केस गेले ते सोडा.

आमाला वाईट वाटेल असं मनात आणू नका. ताईच्या जागी कोण आलं म्हणून ताई काय पुसली जात नाय. तुमी एकट्यानं किती करायचं? पोरगी मोठी झाली. तिला न्हायला घालायचं, तिचं महिन्याचं बघायचं, बाप्या माणसानं हे सगळं कसं केलं ते तुमचं तुमाला माहीत. वर्षा नेहमी बोलते, भावजींचं बघून डोळ्यात पाणी येतं.

खरं सांगतो, आमची पण चिंता मिटली. तुमी कधीतरी विषय काढाल, सुरेंद्रा, माझ्यामागे पोरीचं कोण, असं मला दर खेपेला वाटायचं. मग मी पाचची एस.टी. सांगून चारचीच पकडायचो. त्या रविवारी पण घाई त्याचीच, म्हणून चपलेचा घोटाळा. आता घरात बाईमाणूस येतंय, म्हणून मोकळ्या मनानं लिहितो.

तारीख कळवा. भोंगे नको म्हणालात तर नाय आणत, पण बेंजो तरी सांगू का? हलका वाजवतील.

तुमचा,
सुरेंद्र

---

किन्हवली
१२ जानेवारी २०२५

चि. सुरेंद्रास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी इतका हसलो की शेजारच्या चांगोची बायको, बारकी, कुंपणावरून डोकावून गेली. मी शाळेत असतो तेव्हा काजलवर तिचीच नजर असते. मास्तरही गेले कामातून, असे तिला वाटले असणार.

नवरा हळद लावून तयार आहे हे खरे. पण तो मी नव्हे. त्याचे नाव वरवंटा आणि नवरीचे नाव पाटा. दोघेही एकाच दगडाचे, म्हणजे सगोत्र. पण जोडी तुझ्या ताईने निवडून आणलेली, म्हणून मी दोष धरला नाही.

आता नीट सांगतो. नोव्हेंबरात चांगोच्या थोरल्याची हळद होती. काजल मागच्या दाराने निघून गेली. मी आधी विहिरीकडे धावलो. असल्या पोरीच्या बापाचे पाय आधी तिकडेच वळतात. मग ओढा, मग रस्ता. शेवटी ती चांगोच्या मांडवात सापडली. भोवती ही गर्दी, आणि माझी मुलगी मधोमध, सकुबाईच्या पाठीला कपाळ टेकून बसलेली. कुणाचा पदर लागला तरी किंचाळणारी ती पोर!

सकुबाई तुला आठवत असेल. पाड्यावरची धवलारीण. हळदीपासून वरातीपर्यंत लग्नाचे धवले गाणारी. एके काळी तिने गायल्याशिवाय आपल्याकडे लग्न लागत नसे. आता तुझ्या भोंग्यांनी तिला घरी बसवले. एखाद्या घरात जुने माणूस असले तर तेवढ्यापुरती बोलावतात. कानाने कमी, तोंडाने जास्त. दातांना सतत मशेरी. चहात आले नसेल तर कप परत करते.

धवला एकटीने गायचा नसतो. एकीने ओळ टाकायची आणि थांबायचे, दुसरीने तिचे शेपूट उचलायचे, मग पहिलीने पुढे जायचे. सकुबाईची जोडीदारीण केव्हाच वारली. त्यामुळे ती सवयीने थांबते, आणि कोणी उचलत नाही असे पाहून स्वतःच शेपूट उचलते. त्या दिवशी ती थांबली, आणि पाठीमागून शेपूट आले. शब्द नव्हेत. घशातल्या घशात घुमणारे काहीतरी. पण सुरात, आणि जागच्या जागी. सकुबाईने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही, पुढची ओळ टाकली. सुरेंद्रा, माझ्या मुलीने कुणाला तरी उत्तर दिलेले मी पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेलो. म्हटलं, आजी, माझ्या घरी येऊन गाल का? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मास्तर, येडा का खुला तू? मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय. सुक्या घरात धवला गायला तर मानूस जातो."

अंधश्रद्धेवर मी दर वर्षी पोरांकडून निबंध लिहून घेतो. पण शास्त्रापेक्षा रूढी बळकट, हे वचनही आमचेच. म्हटलं, मांडव घालतो. "नि नवरी?" म्हटलं, शोधतो.

असे हे लग्न. आता दर गुरुवारी संध्याकाळी अंगणात तुझे पिवळे कापड चढते. पाट्याला हळद, वरवंट्याला हळद, सकुबाईला चहा. मग ती त्या दोघांवर नवीनच धवला रचून गाते: 'पाट्याच्या अंगनी गो चिंच कुनी लावली', आणि थांबते. काजल मागून 'लावली' एवढेच घुमते. इतक्यांदा लग्न लागल्यावर शुक्रवारी त्याच दोघांवर मिरच्या वाटताना मलाच चोरट्यासारखे होते.

मी सकुबाईला म्हटलं, आजी, ती बोलत नाही हं. ती म्हणाली, "बरा हाय. माझी पहिली जोडीदारीन लय बोलायची."

गुरुवारी रात्री काजल शांत झोपते. भिंतीशी जात नाही. बाकीचे दिवस आहेत तसेच आहेत.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. चिंता मिटली म्हणालास. तेवढी अजून मिटवू नकोस.

तुझा,
सुदाम

---

मुरबाड
९ फेब्रुवारी २०२५

ती. भावजींस नमस्कार.

पत्राला उशीर झाला. तुमचं पत्र वाचून माझीच मला लाज वाटली, हे पण एक कारण. मी काय समजलो नि तुमी काय मांडलंत! वर्षा म्हणाली, पाट्याला ओटीचा खण पाठवू का. चेष्टा सोडा, पण पोरीचं ऐकून बरं वाटलं. ताई असती तर तिनं पाड्याभर पेढे वाटले असते.

एक सांगू? सकुबाई काय कायमची नाय. पिकलं पान. तुमी तिचं गाणं फोनमध्ये भरून घ्या. सोबत एक छोटा स्पीकर पाठवतोय, आवाज एकदम क्लिअर. मग गुरुवारची वाट कशाला, पाहिजे तवा लावा. मांडव घालायचा व्याप वाचेल. फोन वाजायचं बंद करता येतं, ते आमचा सुयोग तुमाला दाखवील.

आता आनंदाची बातमी. सुयोगचं जमलं. मुलगी खर्डीची, शिकलेली, माणसं चांगली पण जुन्या वळणाची. अकरा मे धरलाय. मांडव आपल्याच दारात, आपलाच. पत्रिकेत तुमचं नाव वरती घातलंय. काजलचं नाय घातलं, लहान म्हणून. तुमी अक्षता पडायच्या टाइमाला आलात तरी चालेल, आदल्या दिवशीपासून यायची धावपळ करू नका. एवढ्या गर्दीत पोरीला कशाला त्रास? बारकीकडे ठेवून आलात तरी आमी काय मनात आणणार नाय.

तुमचा,
सुरेंद्र

---

किन्हवली
१६ मार्च २०२५

चि. सुरेंद्रास, म्हणजे भावी सासऱ्यास आशीर्वाद.

सुयोग लग्नाचा झाला म्हणजे आपण दोघे अधिकृतपणे म्हातारे झालो. निदान कानपिळी तरी आता तुझ्या मुलाला भोगावी लागेल. जगात न्याय आहे, फक्त तो एक पिढी उशिरा पोचतो.

तुझा स्पीकर आला. सकुबाईला न सांगता मी धवला फोनमध्ये भरून घेतला आणि मंगळवारी दुपारी लावला. काजल लगबगीने आली, समोर बसली. ओळ आली. तिने शेपूट उचलायला तोंड उघडले, तोवर फोनमधली सकुबाई पुढे निघून गेली होती. काजल थांबली. पुढच्या ओळीला पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मागे पडली. असे काही वेळ चालले. मग ती उठली, फोन उचलला आणि शांतपणे पाण्याच्या पिंपात सोडला. शाळेच्या कपाटातला फोन अशा रीतीने मोक्षाला गेला. तुझा स्पीकर वाचला आहे, सुनेला दे.

आवाज क्लिअर होता, तुझे म्हणणे खरे. पण यंत्र कुणासाठी थांबत नाही. सकुबाई थांबते. कौतुकाने थांबते असेही नाही. तिला दम लागतो म्हणून थांबते, मशेरी थुंकायची असते म्हणून थांबते. पण थांबते.

परवाची गोष्ट सांगतो. धवला चालू असताना काजलने माझे मनगट धरले. वाटेतली वस्तू उचलून ठेवावी तसे धरले आणि माझा तळवा सकुबाईच्या पाठीवर नेऊन टेकवला. पाठ आतून घुमत होती. काजलने माझ्या तोंडाकडे पाहिले. माझ्या, सुरेंद्रा. खांद्याकडे नव्हे, खिडकीकडे नव्हे. मग पुन्हा कपाळ टेकले. "मास्तर, हात गार हाय तुझा, काढ तिकडं," सकुबाई म्हणाली. मी काढला नाही.

तेव्हा तू काजलची काळजी करतोस, गर्दीचा त्रास म्हणतोस, हा तुझा चांगुलपणा. पण मी तिला घेऊनच येणार. मांडवात ती आता घाबरत नाही. तिला मांडव म्हणजे काय ते कळले आहे. मामाच्या दारचा मांडव तिला का नको?

आणि एक मागणे आहे. मे अखेरीला मला मुंबईला जायचे आहे. चष्म्याचे जरा किचकट झाले आहे, आठ-दहा दिवस राहावे लागेल म्हणतात. तेवढे दिवस काजलला तुमच्याकडे ठेवाल का? सकुबाईलाही सोबत पाठवतो. म्हणजे तुम्हाला पोरीचा त्रास नाही, म्हातारीचा होईल. आले जपून ठेवा. दहा दिवस नीट गेले तर... असो. आधी दहा दिवस जाऊ देत.

तुझा,
सुदाम

---

मुरबाड
१९ मे २०२५

ती. भावजींस नमस्कार.

कागद घेतला नि ठेवला, असं रोज चाललंय. तुमी त्या दिवशी पोरीला घेऊन तसेच नामाच्या टेम्पोत बसलात. तुमच्या हातातून रक्त येत होतं. इंजेक्शन घेतलंत का?

भावजी, खर्डीवाल्यांना मी काजलचं सांगितलं नव्हतं. ताईची पोरगी बाहेर शिकायला असते, असं बोललो होतो. म्हणून तुमाला उशिरा या, बारकीकडे ठेवून या, असं लिहिलेलं. तुमी त्याचा अर्थ चांगलाच घेतलात. तुमी नेहमी तसंच करता, मग मला पुढचं बोलता येत नाय.

तुमी आलात तवा ती आपसूक मांडवात शिरली. नवरीची आजी पुढं बसलेली, तिच्या मागं जाऊन बसली, कपाळ टेकलं. मी लांबून बघत होतो. म्हातारी आधी दचकली, मग हसली, मागं हात नेऊन पोरीच्या गुडघ्यावर थोपटलं. मला वाटलं, बघ, उगाच भ्यालास. मला इतकं हलकं वाटलं की सुयोगच्या दोस्तांना मीच हात केला, लावा म्हणून. भोंगे माझेच. दोन्ही त्यांच्या डोक्यावर.

पुढचं तुमी बघितलंत. म्हातारीचा अंबाडा पोरीच्या मुठीतून सोडवायला तिघं लागले. म्हातारीच्या खांद्याला टाके पडलेत. सुयोगच्या लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीपेक्षा तेच जास्त आलंय.

मी तुमच्यावर रागावलो नाय. पण मांडव म्हंजे गाणं, हे तिला तुमीच शिकवलंत. तिला वाटलं इथं पण म्हातारी ओळ टाकील. तिचा काय दोष?

दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप आला. भला माणूस, चहा घेतला, आणि मग खालच्या मानेनं विचारलं, पावणं, हे तुमच्या रक्तात आधी कुणाला होतं का? पुढं आमच्या पोरीच्या पोटी... वर्षा आत ऐकत होती. तवापासून घरात कुणी मोठ्यानं बोलत नाय.

तर भावजी, काजलला इथं ठेवायचं जमणार नाय. आता पण नाय, नि पुढं पण नाय. 'पुढं' लिहिताना हात अडला. पण तुमी विचारायच्या आधी सांगितलेलं बरं. मला चारची एस.टी. पकडायचा कंटाळा आला.

कल्याणकडं अशा मुलांची एक ऱ्हायची सोय आहे म्हणतात, पत्ता मागं लिहिलाय. चष्म्याचं काम तुमी शहापूरलाच करा, एका दिवसात होतं.

तुमचा,
सुरेंद्र

---

किन्हवली
१३ जुलै २०२५

चि. सुरेंद्रास आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. खोटे न लिहिल्याबद्दल आभार. अक्षरही सुधारले आहे. माणूस जड मनाने लिहितो तेव्हा काना-मात्रा जागच्या जागी पडतात, हा माझा वर्गातला अनुभव. नवरीच्या आजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी पोरीच्या गुडघ्यावर थोपटले, ते मीही पाहिले होते.

इंजेक्शन घेतले. हात बरा आहे.

उत्तराला दोन महिने लागले, कारण मध्ये इकडे बरेच झाले. लग्नाहून परतल्यावर पुढच्या गुरुवारी मी नेहमीसारखा मांडव घातला. पिवळे कापड पाहताच काजल आतल्या खोलीत, कांबळ्यांच्या ढिगामागे जाऊन बसली, ती दुसऱ्या दिवशी बाहेर आली. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मी बांबू उपटले, कापड फाडून पायपुसणी केली. सकुबाई दारात उभी होती. म्हटलं, आजी, आता नका येऊ. मांडव गेला, तुमचा नेम मोडायला मी सांगणार नाही. ती मला ढकलून आत आली. "सर तिकडं. पोर आतमदी हाय नि मी भाईर का गाऊ?" आतल्या खोलीत, मांडव नाही, हळद नाही, तिने कांबळ्यांकडे पाठ करून बसकण मारली आणि ओळ टाकली.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्यांदा कांबळी हलली. तिसऱ्यांदा कपाळ पाठीला टेकले, पण आवाज आला नाही. चौथ्यांदा आला. चहा झाल्यावर मी म्हटलं, आजी, सुक्या घरात गायलात, भीती नाही वाटली? "माझ्या गोवऱ्या मसनात गेल्यान. कुनाला भ्यायचा?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती शेतावर पडली. अर्धे अंग गेले. जीव वाचला, जीभ वाचली नाही. तोंड एका बाजूला ओढले आहे, घशातून नुसता वारा येतो. पाड्यावर सगळ्यांचे एकच म्हणणे, मास्तरने म्हातारीला सुक्या घरात गायला लावले. तिचा मुलगा कमळू मला तोंडावर बोलला नाही, पण ओट्यावरून उठून गेला. रक्तदाबाच्या गोळ्या, मीठ, वय, हे सगळे मला ठाऊक आहे, आणि मी कमळूला समजावणार होतो.

गुरुवारी काजल दाराशी येऊन उभी राहिली. म्हणून मी तिला पाड्यावर नेले. सकुबाई खाटेवर कुशीला पडलेली. काजलने तिच्या पाठीला कपाळ टेकले आणि थांबली. बराच वेळ थांबली. सकुबाईचा धड हात चादरीवर नुसता उघडमीट करत होता. मग काजल स्वतःच घुमली. ओळ नव्हती, नुसते शेपूट. एकदा, आणि पुन्हा एकदा. समोरून काही नाही. सकुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ते काजलला दिसायचे नाही, ती पाठीमागे होती. येताना रस्ताभर तिने स्वतःची मनगटे चावली.

मग मी गाऊन पाहिले. हसू नकोस. आयुष्यभर स्वच्छ उच्चार केलेला गळा. धवला तोच, ओळ तीच, थांबायचेही तेवढेच. काजलने माझे तोंड तळव्याने बंद केले. रागाने नाही, झाकण लावावे तसे. नंतर पाड्यावरच्या दुसऱ्या एका बाईला आणून पाहिले, तिलाही नाही. आता काजल गुरुवारी दाराशी येत नाही. भिंतीशी जाते. मी भिंतीला गादी बांधली आहे, तर ती गादी नसलेली जागा शोधते.

तू दिलेल्या पत्त्यावर जाऊन आलो. जागा स्वच्छ आहे, तिथल्या बाई सज्जन आहेत. त्यांनी विचारले, स्वतःच्या हाताने जेवते का? मी म्हटलं, मी भरवतो. संडासला सांगते का? म्हटलं, मला तिच्या चालण्यावरून कळते. चावते का? मी बाही खाली ओढली. त्या म्हणाल्या, मास्तर, आमच्याकडे माणसे कमी आहेत, निदान एवढे स्वतःचे स्वतः करणारी मुलेच आम्ही घेऊ शकतो. दारापर्यंत सोडायला आल्या.

आता चष्म्याचे. चष्मा ठीक आहे. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे. मार्चपासून ठाऊक आहे. छाती उघडावी लागेल, नंतर महिनाभर ओझे उचलायचे नाही, धक्का बसू द्यायचा नाही. मे अखेरची तारीख मिळाली होती. मी गेलो नाही. तुला दोष देत नाही, सुरेंद्रा. सुनेच्या जागी माझी मुलगी असती तर मीही तोच प्रश्न विचारला असता. बारकी चार तास सांभाळते, तेही दार बाहेरून लावून. महिना कोण सांभाळील? आणि ऑपरेशन केले नाही तर किती दिवस, असे विचारले तेव्हा डॉक्टरांनी विषय बदलला. विषय बदलणारी माणसे मी ओळखतो, तीस वर्षे दहावीला शिकवतो आहे.

लोक मला धीराचा म्हणतात. देह नश्वर, आत्मा अमर, हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिले आहे की त्यात आता मला काही दिसत नाही.

मला भीती वाटते. मरण्याची नाही. एखाद्या दिवशी मी स्वयंपाकघरात पडेन, बारकीला वाटेल मास्तर घरातच आहेत, आणि काजल शेजारी बसून राहील. ती हाक मारणार नाही. दार तिला उघडता येते, पण ती कुणाकडे जाणार नाही, कारण तिला जायला कोणी उरलेले नाही. तिला भूक लागेल, आणि ती माझ्या हाताची वाट पाहील.

सुदाम